इंजिनाखालचे चेंबर : एका पत्र्याच्या भांड्याचा इतिहास

मोटारीच्या इंजिनाच्या अगदी तळाशी एक उथळ भांडे बोल्टांनी आवळून बसवलेले असते. इंग्रजी वळणाने त्याला ऑइल पॅन किंवा ऑइल संप म्हणतात. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला सरळ 'चेंबर' म्हणतात, आणि दगड लागून ते फुटले की गाडी जागच्या जागी उभी करावी लागते, हे खेड्यापाड्यांतल्या वाहनचालकांनाही ठाऊक असते. इंजिन बंद असताना सगळे तेल याच भांड्यात येऊन थांबते. भांड्याला हलणारा एकही भाग नसतो. इंजिनाच्या सगळ्या अवयवांत हा सर्वांत साधा अवयव म्हणायला हरकत नाही.

असे असताना अमेरिकेतल्या एखाद्या पिकअप ट्रकचे दुरुस्ती-पुस्तक उघडून पाहिले तर आश्चर्य वाटते. चेंबर उतरवून नवे बसवण्याच्या कृतीत बोल्ट काढण्याची पायरी फार उशिरा येते. त्याआधी पंख्याचे आवरण मोकळे करा, इंजिनाच्या रबरी बैठकींचे बोल्ट काढा, इंजिन काही सेंटिमीटर वर उचला, धुराड्याचा नळ सोडवा, काही गाड्यांत तर पुढच्या चाकांचा डिफरन्शियल खाली उतरवा, अशा सूचना असतात. पत्र्याच्या एका भांड्यापायी दिवसभराचे काम होऊन बसते. उलट १९११ नंतरच्या फोर्ड गाडीचा मालक रस्त्याच्या कडेला आडवा पडून, मोजके बोल्ट काढून, इंजिनाचा तळ उघडू शकत असे. ऐंशी-नव्वद वर्षांच्या प्रगतीनंतर सोपे काम अवघड का झाले? या प्रश्नाचे उत्तर वंगणाच्या विज्ञानाच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास आम्हाला शिक्षकांपुढे मांडण्याजोगा वाटतो.

तेल नेमके काय करते?

आसाला वंगण घातले की तो सुरळीत फिरतो, हे बैलगाडी हाकणाऱ्या गाडीवानाला पिढ्यान् पिढ्या माहीत होते. पण वंगण हे का करते, हे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत कोणालाच नीट सांगता येत नव्हते. तेल 'बुळबुळीत' असते म्हणून घर्षण कमी होते, एवढेच उत्तर मिळे.

इंग्लंडमधल्या यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेने बोशां टॉवर या अभियंत्याकडे बेअरिंगमधल्या घर्षणाचा अभ्यास सोपवला. त्याचा पहिला अहवाल १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. टॉवरने रेल्वेच्या आसासारखा एक दंड घेतला. त्याच्या वरच्या अर्ध्या भागावर पितळी बेअरिंग बसवून त्यावर भार दिला आणि दंडाची खालची बाजू तेलात बुडती ठेवली. प्रयोगाच्या ओघात बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी एक भोक पाडलेले होते. दंड फिरू लागताच या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. टॉवरने भोकात बूच मारले. तेलाने बूच बाहेर ढकलले. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. शेवटी त्याने तिथे दाबमापक जोडला. बेअरिंगवरच्या भाराची सरासरी दर चौरस इंचाला १०० पौंड येत होती, पण दाबमापकाचा काटा २०० पौंडांची खूण ओलांडून गेला.

याचा अर्थ दूरगामी होता. दंड आणि बेअरिंग एकमेकांना टेकलेलेच नव्हते. मध्ये तेलाचा पातळ थर होता आणि सगळा भार त्या थराने उचलून धरला होता. त्याच वर्षी रशियात निकोलाय पेत्रोव्ह यांनीही बेअरिंगमधले घर्षण म्हणजे वस्तुतः द्रवाच्या थरांमधले घर्षण असते, असे मांडले. १८८६ मध्ये मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी टॉवरच्या निरीक्षणाचे गणित दिले. फिरणारा दंड बेअरिंगमध्ये किंचित एका बाजूला सरकलेला असतो, त्यामुळे दोघांमधली फट एकीकडे रुंद व दुसरीकडे अरुंद, म्हणजे पाचरीसारखी होते. तेल दाट असल्यामुळे दंडाला चिकटून ओढले जाते, अरुंद होत जाणाऱ्या फटीत घुसते आणि तिथे त्याचा दाब वाढतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावरून वेगाने जाणारे टायर पाण्याच्या पाचरीवर उचलले जाते, त्याचेच हे लहान पण उपकारक रूप होय.

येथे एक सर्वत्र आढळणारा गैरसमज दूर करायला हवा. इंजिनातला तेलाचा पंप दाब देऊन क्रँकशाफ्ट उचलून धरतो, असे अनेकांना वाटते. पंपाचा दाब साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला तीन-चार किलोग्रॅम असतो. चालत्या इंजिनाच्या बेअरिंगमधल्या तेलाच्या थरात त्याच्या कितीतरी पट, शेकडो किलोग्रॅमपर्यंत दाब निर्माण होतो. तो दाब फिरण्यातूनच उत्पन्न होतो. पंपाचे काम एवढेच, की पाचरीला तेल कमी पडू द्यायचे नाही. दंड आणि बेअरिंग यांच्यातली मोकळीक दंडाच्या व्यासाच्या सुमारे एक हजारांश, म्हणजे पाच सेंटिमीटर व्यासाला ०.०५ मिलिमीटर, केसाच्या जाडीहूनही थोडी कमी असते. तेल काही सेकंद तुटले तर धातूला धातू भिडतो आणि बेअरिंग वितळू लागते. चेंबर हे या पुरवठ्याचे तळे आहे.

फोर्डचे तळे

सुरुवातीच्या यंत्रांत तळे नव्हतेच. वाफेच्या इंजिनांना माणूस तेलाची झारी घेऊन फिरे. १८७२ मध्ये इलायजा मकॉय या कृष्णवर्णीय अमेरिकी अभियंत्याने वाफेची इंजिने चालू असतानाच त्यांना आपोआप तेल मिळेल अशा साधनाचे पेटंट घेतले. पहिल्या मोटारगाड्यांतही काचेच्या भांड्यांतून थेंब थेंब तेल ठिबकवण्याची पद्धत होती. या सर्व पद्धतींत तेल एकदा वापरले की वाहून जाई.

तेच तेल पुन्हा पुन्हा फिरवायचे तर खाली पडणारे तेल झेलणारे बंद भांडे हवे. इंग्लंडच्या बेलिस अँड मॉरकॉम या कारखान्यातल्या ए. सी. पेन यांनी १८९० मध्ये वेगवान वाफेच्या इंजिनांसाठी पंपाने दाबून तेल फिरवण्याच्या योजनेचे पेटंट घेतले होते. म्हणजे पंपाची कल्पना तयार होती. पण हेन्री फोर्ड यांना स्वस्त गाडी हवी होती. ऑक्टोबर १९०८ मध्ये बाजारात आलेल्या मॉडेल टी गाडीत तेलाचा पंपच नव्हता.

मॉडेल टीचे चेंबर हे दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे एक लांबट भांडे होते. इंजिन, फ्लायव्हील आणि गिअर या तिघांचाही तळ तेच होते, आणि त्याला रिव्हेट केलेल्या दोन बाहूंवर इंजिन गाडीच्या सांगाड्यावर टेकलेले असे. मागच्या बाजूला फ्लायव्हील तेलात बुडून फिरे आणि तेल वर उडवी. त्यातले काही तेल एका नळीच्या तोंडात पडून इंजिनाच्या पुढच्या टोकाला जाई व उताराने मागे येताना वाटेतल्या पन्हळींत साठे. कनेक्टिंग रॉडचे खालचे टोक प्रत्येक फेऱ्यात या पन्हळीत बुडून तेल शिंपडी. तेल मोजायला दांडी नव्हती. चेंबरच्या मागच्या भागावर दोन तोट्या असत. वरची उघडल्यावर तेल आले तर ते जास्त, खालचीतून आले नाही तर ते धोकादायक कमी.

ही सगळी व्यवस्था गुरुत्वाकर्षणावर अवलंबून होती, आणि त्यातच तिची मर्यादा होती. लांबच लांब चढण लागली की गाडीचे नाक वर होई, तेल मागे जाई, आणि सर्वांत पुढच्या कनेक्टिंग रॉडची पन्हळ कोरडी पडे. त्याचे बेअरिंग सर्वांत आधी जाई.

दार का ठेवले?

त्या काळची बेअरिंगे बॅबिट धातूची असत. आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये पेटंट घेतलेला, प्रामुख्याने कथील आणि त्यात तांबे व अँटिमनी, असा हा मऊ मिश्रधातू. तो वितळवून जागेवरच ओतत व मग घासून दंडाच्या मापाचा करत. मऊपणामुळे तो दंडाला ओरखडू देत नसे, पण स्वतः लवकर झिजे. झिजला की फट वाढे, तेलाची पाचर नीट जमत नसे, आणि इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागत. उपाय सोपा होता. बेअरिंगची खालची टोपी काढायची, तिची कड कानशीने किंचित घासायची किंवा मधली पातळ पत्री काढायची, आणि टोपी पुन्हा आवळायची. फट पूर्ववत होई.

पण त्यासाठी क्रँकशाफ्टपर्यंत हात पोचायला हवा. १९०८ ते १९१० च्या मॉडेल टीचे चेंबर सलग होते. कनेक्टिंग रॉडची टोपी आवळण्यासाठी अख्खे इंजिन गाडीबाहेर काढावे लागे. फोर्डने १९११ मध्ये चेंबरच्या तळाला एक मोठी खिडकी पाडली आणि तिच्यावर बोल्टांनी बसणारे झाकण दिले. चेंबर जागच्या जागी ठेवून आता टोप्या काढता येऊ लागल्या.

हा बदल दिसायला लहान, पण त्याचा आशय मोठा होता. हे यंत्र झिजणार आहे, ते वारंवार उघडावे लागणार आहे, आणि उघडणारा माणूस शहरातला कारागीर नसून बहुधा शेतकरी असणार आहे, हे रचनाकाराने मान्य केले होते. फोर्डने एप्रिल १९२५ मध्ये कारखान्यातूनच मागे हौदा जोडलेली मॉडेल टी विकायला काढली. 'पिकअप बॉडी' असलेल्या या गाडीची किंमत २८१ डॉलर होती, आणि पहिल्या वर्षी अशा सुमारे ३४ हजार गाड्या गेल्या. धान्य, दूध, कोंबड्या वाहणाऱ्या या गाडीला कारखान्याचा कारागीर भेटणार नव्हता. तिच्या तळाचे दार हीच तिची हमी होती.

चेंबरमधले नेम

मॉडेल टी १९२७ मध्ये बंद झाली, तोवर तिच्या दीड कोटींहून अधिक गाड्या निघाल्या होत्या. तेल शिंपडण्याची पद्धत मात्र त्यानंतरही टिकली, आणि तिचा सर्वांत विलक्षण नमुना शेव्हरोलेटच्या पिकअपमध्ये सापडतो. १९३७ मध्ये आलेल्या २१६ घन इंचांच्या सहा सिलिंडरी इंजिनात पंप होता. तो मुख्य बेअरिंगांना तेल देई. कनेक्टिंग रॉडना मात्र चेंबरमधूनच तेल मिळे. चेंबरमध्ये प्रत्येक रॉडखाली एक पन्हळ व एक बारीक तोटी होती. गती कमी असताना रॉडचा चमचा पन्हळीत बुडे. गती वाढली की चमचा पन्हळीतले तेल नीट उचलू शकत नसे, तेव्हा तोटीतून उडणारी धार नेमकी चमच्यात जाऊन पडे.

म्हणजे येथे चेंबर हे नुसते तळे राहिले नव्हते, ते वंगण-यंत्रणेचा कार्यरत भाग झाले होते. चेंबरला खालून दगड लागून पोचा पडला, तर तेल न गळताही इंजिन धोक्यात येई, कारण तोटीचा नेम चुके. चेंबर उतरवले की तोट्यांची दिशा आणि पन्हळींची खोली तपासण्यासाठी खास मापनसाधन वापरावे लागे. एका साध्या भांड्याचे स्थान मिलिमीटरच्या हिशेबात महत्त्वाचे ठरते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. हे इंजिन शेव्हरोलेटच्या हलक्या पिकअपमध्ये १९५३ पर्यंत होते. १९५४ पासून तिथे २३५ घन इंचांचे इंजिन आले, आणि त्यात कनेक्टिंग रॉडनाही क्रँकशाफ्टच्या आतल्या भोकांतून दाबाने तेल मिळू लागले. चेंबरमधल्या पन्हळी आणि तोट्या गेल्या. चेंबर पुन्हा साधे भांडे झाले.

दार उघडण्याची कारणे संपली

चेंबर उघडण्यामागे पूर्वी दोन मोठी कारणे असत. एक बेअरिंग आवळणे आणि दुसरे गाळ उपसणे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दोन्ही कारणे हळूहळू नाहीशी झाली.

बेअरिंगच्या बाबतीत, १९३० च्या दशकात पोलादी पाठीवर बेअरिंग-धातूचा पातळ थर असलेल्या, कारखान्यातच मापात तयार झालेल्या वाट्या प्रचारात आल्या. त्या कानशीने घासायच्या नसतात, झिजल्या तर बदलायच्या. दाबाने मिळणारे भरपूर तेल आणि गाळून येणारे तेल यांमुळे त्या झिजेनातही. तेल गाळण्याच्या फिल्टरचे श्रेय अमेरिकेतल्या अर्नेस्ट स्वीटलँड यांना जाते. त्यांचे काम १९२३ चे.

गाळाच्या बाबतीत रसायनशास्त्र मदतीला आले. जुन्या तेलात काजळी, पाणी आणि तेलाच्या ऑक्सिडीकरणातून झालेले पदार्थ मिळून काळा चिखल तयार होई आणि चेंबरच्या तळाशी बसे. तो तेल ओढणाऱ्या जाळीपर्यंत चढला की पुरवठा तुटे, म्हणून चेंबर अधूनमधून उतरवून खरवडावे लागे. १९३० च्या दशकाच्या मध्यावर डिझेल इंजिनांसाठी, आणि महायुद्धानंतर पेट्रोल इंजिनांसाठीही, मळ धरून ठेवणारी रसायने तेलात मिसळली जाऊ लागली. साबण जसा मळाला पाण्यात तरंगत ठेवतो, तसेच हे. मळ तळाशी न बसता तेलातच राहतो आणि तेल बदलताना ड्रेन बोल्टमधून निघून जातो. नवे तेल थोड्याच दिवसांत काळे पडते याचा अर्थ ते वाईट आहे असा नसून ते आपले काम करत आहे, असा असतो. १९६० च्या दशकात इंजिनातली दमट हवा पुन्हा सिलिंडरकडे ओढून घेणारी झडप अमेरिकेत रूढ झाली आणि चिखलाचे एक कारण आणखी कमी झाले.

आता चेंबर उघडण्याचे नेहमीचे कारण उरले नाही. आणि ज्या दारातून कोणी जात नाही, त्या दारासमोर सामान ठेवले जाते.

दाराची भिंत

पिकअप ट्रक शेतावरून शहरात आला, तशी त्याची बैठक आरामशीर करणे भाग पडले. १९६० मध्ये शेव्हरोलेटने आपल्या पिकअपच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र स्प्रिंग-योजना दिली. अशा योजनेत दोन्ही बाजूंचे भार पेलणारी भक्कम आडवी तुळई लागते आणि ती इंजिनाच्या खालूनच जाते. १९८८ च्या मॉडेलपासून शेव्हरोलेटच्या चारही चाकांना शक्ती देणाऱ्या पिकअपमध्येही पुढे स्वतंत्र योजना आली, आणि पुढचा डिफरन्शियल सांगाड्याला, चेंबरच्या अगदी निकट बसवला गेला. चेंबर खाली यायला जागाच राहिली नाही.

पुढची पायरी अधिक सूचक आहे. शेव्हरोलेटच्या १९९९ च्या सिल्व्हराडो पिकअपमधील व्ही-८ इंजिनाचे चेंबर पत्र्याचे नसून ओतीव ॲल्युमिनियमचे होते आणि गिअरबॉक्सच्या आवरणालाही बोल्टांनी जोडलेले होते. ते इंजिनाच्या ताठपणात भर घालते. त्यामुळे ते पुन्हा बसवताना इंजिनाच्या मागच्या पृष्ठभागाशी त्याची पातळी जुळवावी लागते, आणि ही तफावत मिलिमीटरच्या अंशात मोजली जाते. मॉडेल टीचे चेंबर इंजिनाचा भार पेलत होते. नव्वद वर्षांनी चेंबर पुन्हा भार पेलू लागले, पण या वेळी त्याला खिडकी नव्हती.

कारखान्याच्या दृष्टीने यात अडचण काहीच नाही. जुळणी करताना इंजिन गाडीबाहेर असते, चेंबर काही मिनिटांत बसते. अडचण येते ती पंधरा वर्षांनी. अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ही प्रथा फार वाढली. खारे पाणी पोलादी चेंबरवर उडते, रंगाखाली गंज चढतो आणि एके दिवशी भांड्याला बारीक भोक पडते. इंजिन ठणठणीत, पण भांडे गळके. भांड्याची किंमत थोडी, मजुरीचे तास फार. कारखान्यात वाचलेल्या मिनिटांची भरपाई, आडवे पडून काम करणाऱ्या मेकॅनिकच्या पाठीने आणि गाडीमालकाच्या खिशाने केली जाते.

चेंबर बदलताना

आता दुरुस्ती-पुस्तकातल्या पायऱ्या पुन्हा पाहू. प्रत्येक पायरीमागे वरच्या इतिहासातले काही ना काही दिसेल.

गाडी सपाट जागी भक्कम स्टँडवर उभी करतात, नुसत्या जॅकवर कधीही नाही. बॅटरीची तार सोडतात. तेल कोमट असताना काढतात, कारण गरम तेलाचा दाटपणा कमी होतो आणि मळ त्याच्याबरोबर वाहून येतो. मग रबरी बैठकींचे बोल्ट काढून इंजिन उचलतात. पातळ चेंबरला जॅक लावला तर ते चेपते, म्हणून पुस्तकात सांगितलेल्या जागीच आधार देतात, आणि वर सरकणारा पंखा रेडिएटरला लागत नाही ना, हे पाहतात. काही इंजिनांत क्रँकशाफ्टचे वजनदार पाते आडवे येते. तेव्हा क्रँकशाफ्ट हाताने थोडा फिरवून वाट मोकळी करतात. आतली तेल ओढणारी नळी आणि जाळी अडकत असेल तर तीही सोडवावी लागते.

चेंबर खाली आले की त्याचा तळ नीट पाहावा. तिथला गाळ म्हणजे इंजिनाची प्रकृती सांगणारा अहवाल असतो. चमकदार पातळ कण दिसले तर ते बेअरिंगचे. चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे. दुधाळ फेस म्हणजे तेलात पाणी.

नवे चेंबर बसवताना खरी कसोटी पॅकिंगची असते. पूर्वी बुचाच्या झाडाच्या सालीचे पॅकिंग असे, मग रबराचे आले, आणि १९७० च्या दशकापासून हवेतल्या ओलाव्याने घट्ट होणारा सिलिकोन लेप वापरात आला. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ व कोरडे नसतील तर यांपैकी काहीच टिकत नाही. येथे नेहमीचा मोह म्हणजे जास्त लेप लावणे आणि जास्त आवळणे. जास्त लेप आतल्या बाजूला फुगतो, त्याचा तुकडा सुटून जाळीवर बसतो आणि पंपाची वाट अडवतो. जास्त आवळले की पत्रा भोकाभोवती वाकतो, दोन बोल्टांच्या मधला भाग उचलला जातो आणि नेमके तिथूनच तेल झिरपते. चेंबरचे लहान बोल्ट बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपासच आवळायचे असतात, तेही मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, म्हणजे पॅकिंग दाबले जाताना बाहेरच्या बाजूला सपाट पसरते. नळीच्या तोंडाशी रबरी कडे असेल तर नवे घालावे. जुने कडे फाटले असेल तर पंप तेलाऐवजी हवा ओढतो, आणि टॉवरने पाहिलेली ती पाचर पहिल्या मिनिटातच तुटते. लेप सुकण्यासाठी पुस्तकात दिलेला वेळ जाऊ द्यायचा, मग तेल भरायचे, इंजिन सुरू करायचे, आणि तेलाचा दाब दाखवणारा दिवा विझेपर्यंत गती वाढवायची नाही.

काढलेल्या तेलाबद्दलही सांगायला हवे. वापरलेल्या इंजिन तेलात अर्धवट ज्वलनातून आलेली बहुवलयी संयुगे असतात, आणि त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. ते हातांना दिवसेंदिवस लागू देऊ नये, जमिनीवर किंवा गटारात ओतू नये. आपल्या गावातल्या गॅरेजभोवतीची काळी माती विद्यार्थ्यांना दाखवावी. ती पाहिल्यावर हा मुद्दा वेगळा शिकवावा लागत नाही.

वर्गात करण्यासारखे

रेनॉल्ड्स यांची पाचर दाखवायला महागडे उपकरण लागत नाही. गुळगुळीत फरशीवर एक पातळ, सपाट प्लॅस्टिकची फाइल ठेवा, तिची पुढची कड अगदी किंचित वर वळवा आणि तिला जोराने सरकवा. ती दूरवर घसरत जाते. आता हवा कोंडू नये म्हणून तिला बरीच भोके पाडा आणि तितक्याच जोराने सरकवा. ती लवकर थांबते. येथे तेलाची जागा हवेने घेतली आहे, बाकी तत्त्व तेच. दोन्ही अंतरे मोजून विद्यार्थ्यांना तक्ता करायला सांगावा.

दाटपणासाठी एका उंच, उष्णता सोसणाऱ्या काचनळीत एरंडेल घ्या आणि सायकलच्या बेअरिंगमधली बारीक पोलादी गोळी सोडून ती तळाशी जायला लागणारा वेळ मोजा. मग तीच नळी गरम पाण्यात ठेवून पुन्हा मोजा. वेळेतला फरक पाहून मुले थक्क होतात. अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संघटनेने १९११ मध्ये तेलांचे दाटपणानुसार वर्गीकरण केले, ते याच गुणधर्मामुळे. तेलाच्या डब्यावरचा आकडा म्हणजे काय, हे विद्यार्थी मग कधी विसरत नाहीत.

या इतिहासातून निघणारा मुद्दा मात्र प्रयोगापुरता नाही. यंत्र सुधारते तेव्हा त्याच्या दुरुस्तीचे काम नाहीसे होत नाही. ते दुर्मिळ होते, आणि दुर्मिळ झाले म्हणून अवघड होते. बेअरिंग टिकले, तेल स्वच्छ राहिले, हे विज्ञानाचे खरेखुरे यश आहे. दीड कोटी गाड्यांच्या मालकांना आडवे पडून टोप्या आवळाव्या लागणे हे काही सुख नव्हते. पण चेंबरसमोर तुळई आणताना, किंवा त्याला इंजिनाचा भार देताना, कोणी तरी असाही निर्णय घेतलेला असतो की पंधरा वर्षांनी हे उघडणाऱ्याचा विचार आज करायचा नाही. हा निर्णय भौतिकशास्त्राचा नसतो, माणसांचा असतो, आणि म्हणून तो बदलताही येतो. १९११ मध्ये फोर्डच्या रचनाकारांनी सलग चेंबरला खिडकी पाडली, तेव्हा त्यांनी तोच बदलला होता. तंत्रनिकेतनाकडे वळणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी एखादा नवा भाग कागदावर काढला की त्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : हे उघडायचे झाले, तर पान्याला जागा कुठे ठेवली आहेस?